व्हेरॅसिटीला मराठी शब्द

वन्सं,

भेटायला येणारे सगळे एकच वाक्य बोलतात. "ताई फार स्पष्टवक्त्या होत्या हो." एवढं बोलून ते चहाच्या कपात बघतात, तुमच्या भावाकडे मात्र बघत नाहीत. तुम्ही कुठे आणि कुणाविरुद्ध स्पष्ट बोललात हे साऱ्या कॉलनीला माहीत आहे. मी मान हलवते आणि बिस्किटांची बशी पुढे करते. तुम्ही असतात तर त्यांना तिथल्या तिथे थांबवलं असतंत. स्पष्ट बोलणं निराळं आणि खरं बोलणं निराळं, स्पष्टवक्ता माणूस ठणठणीत आवाजात खोटंही बोलू शकतो, असं काहीतरी. मग पाहुणे गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं असतं, "वन्सं, लोक सांत्वनाला येतात, व्याकरणाच्या तासाला नाही."

हरसूलहून लग्न होऊन मी नाशिक रोडला या घरात आले, तेव्हा मला इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायची वेळ आली की मी मराठीवर यायची. तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवायचात. घरी आल्यावर मेथी निवडता निवडता मला शिकवायला लागलात. तुम्ही शब्दाचा नुसता अर्थ कधी सांगितला नाहीत, आधी त्याचं माहेर सांगायचात. "व्हेरी गुड म्हणतेस ना? व्हेरी म्हणजे मुळात 'खरं'. व्हेरस या लॅटिन शब्दाचं खानदान आहे ते. व्हेरिफाय, व्हर्डिक्ट, सगळी एकाच घरातली. व्हर्डिक्ट म्हणजे खरं बोललेलं. आणि व्हेरॅक्स म्हणजे खरं बोलणारा. त्यावरून व्हेरॅसिटी." व्हेरॅसिटी हा तुमचा लाडका शब्द. एकदा एका मुलीने निरोपसमारंभाच्या भाषणात तुमच्या 'व्होरॅसिटी'चं कौतुक केलं होतं. ती एक मात्रा चुकली आणि खरेपणाचा खादाडपणा झाला. तो किस्सा सांगताना तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचात.

या शब्दावरून आपलं भांडण होतं. तुमचं म्हणणं, याला मराठीत नेमका शब्द नाही. शब्दकोशातला 'सत्यवादिता' कुणी उभ्या जन्मात तोंडातून काढत नाही. मी म्हटलं, खरेपणा. तुम्ही म्हणालात, "खरेपणा सोन्यालाही असतो, नोटेलाही असतो. मला बोलण्यातला हवा. सत्य बाहेर असतं, मंजू. ते आपल्याला दिसेलच असं नाही. पण जे दिसलं तेच बोलायचं, ही सवय आपल्या हातात असते. व्हेरॅसिटी म्हणजे ती सवय. असा माणूस चुकू शकतो, पण फसवत नाही." मग मी माझ्या वडिलांचा शब्द काढला. ते एखाद्याबद्दल म्हणायचे, "जिभेचा खरा आहे." तुम्ही म्हणालात, "छान आहे. पण हे दोन शब्द झाले. मला एक हवा." मी म्हटलं, दोन असले म्हणून काय बिघडलं? ते भांडण तिथेच राहिलं.

आणि मग ती दुपार आली.

तुमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची वास्तुशांत होती सायखेड्याला. निनाद तुम्हाला गाडीने घेऊन गेला. माझा मुलगा, पण त्याला अक्षर-ओळख करून दिलीत तुम्ही, सायकल शिकवलीत तुम्ही. त्याचं कॅनडाला जायचं ठरलं होतं, पुढच्या शिक्षणाची सगळी कागदपत्रं आली होती. परत येताना द्राक्षबागांच्या रस्त्यावर समोरून मोटारसायकल आली. सोमनाथ आणि अलका, फुलं पिकवणारं जोडपं, बाजारात शेवंती देऊन घरी निघालेलं. गाडीची धडक बसली. अलकाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सोमनाथच्या डोक्याला मार लागला, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला धडकेच्या आधीचं काहीच आठवेना. अलका मागे बसलेली, तिला समोरचं दिसलं नव्हतं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. काय घडलं ते दोनच माणसं सांगू शकत होती, आणि ती दोन्ही आमच्या घरातली होती.

निनाद म्हणाला, मोटारसायकल अचानक मध्ये आली.

तुम्ही म्हणालात, ती तिच्या बाजूने नीट येत होती. निनादच्या हातात फोन होता, तो खाली बघत होता.

पोलीस जबाब घ्यायला येणार होते त्या सकाळी हे तुमच्यासमोर खुर्ची ओढून बसले. धाकटा भाऊ मोठ्या बहिणीशी बोलतो त्या आवाजात म्हणाले, "ताई, तुला खोटं बोलायला सांगत नाहीये मी. फक्त एवढंच सांग, तुझा डोळा लागला होता."

"माझा डोळा लागला नव्हता, श्रीकांत."

"दुपारची वेळ, जेवण झालेलं. लागू शकतो की."

"लागू शकतो. पण लागला नव्हता."

मी हात जोडले. म्हटलं, "वन्सं, तुमच्याच हातात वाढलाय हो तो." तुम्ही माझे जोडलेले हात धरलेत आणि सोडलेत. म्हणालात, "म्हणून तर काल रात्रीपासून पाणी गेलं नाही माझ्या घशाखाली." दार वाजलं. तुम्ही पदर नीट केलात आणि तुम्हाला जे दिसलं होतं ते सांगितलंत.

बोललं तर आई मार खाते, नाही बोललं तर बाप कुत्रं खातो, असं आपल्यात म्हणतात. लहानपणी मला ती म्हण गमतीची वाटायची.

त्यानंतरची वर्षं तुम्ही जगलात आणि मीही जगले, पण त्यांच्याबद्दल आपण कधी बोललो नाही. आपलं घर दोन खोल्यांचं आणि एका हॉलचं. ते तुमच्या वडिलांनी दोघांच्या नावावर केलेलं. तुम्ही कुठे जाणार होतात? आणि आम्ही तरी कुठे? हे तुमच्याशी बोलायचे बंद झाले. "ताईला सांग, गॅसवाला येणार आहे." ताई समोरच्या खुर्चीत. मी सांगायची. "श्रीकांतला सांग, मी आहे घरी." श्रीकांत तिथेच. मी पुन्हा सांगायची. जेवणाची पानं मी दोनदा वाढायची, आधी तुमचं, मग यांचं आणि निनादचं. तुम्ही जेवून खोलीत गेलात की हे हॉलमध्ये यायचे. बाथरूमच्या दारात समोरासमोर आलात तर दोघंही मागे सरायचात आणि मग कुणीच पुढे जायचं नाही. पासपोर्ट कोर्टात जमा झाल्यामुळे निनादही घरातच. सगळे एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर आणि कुणालाच कुठे जाता येत नाही. मला कधीकधी पोळी लाटताना वाटायचं की भिंती पुढे सरकतायत. खिडकी उघडली तरी हवा आत यायची नाही. मग मी उगीचच भाजी आणायला जेलरोडपर्यंत चालत जायची आणि काही न घेता परत यायची.

निनादशी मात्र तुम्ही बोलत राहिलात. तो उत्तर द्यायचा नाही. तरी रोज विचारायचात, "जेवलास का?"

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. आमच्या वकिलांनी तुम्हाला कितीतरी वेळ उभं ठेवलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता ना? ऊन समोरून येत होतं ना? फोनवर बोलणं झाल्याची नोंद नाही, मग तुम्ही काय पाहिलंत? तुम्ही म्हणालात, बोलत होता असं मी म्हटलंच नाही, बघत होता. मग त्यांनी विचारलं, लग्न केलं नाहीत ना? भावाच्या घरी राहता? भावजयीच्या हातचं खाता? असं विचारून ते थांबले, म्हणजे बाकीचं ऐकणाऱ्यांनी समजून घ्यावं. मी पायांकडे बघत होते. हा वकील आम्ही लावलेला होता.

शेवटी ते न्यायाधीशांकडे वळून इंग्रजीत म्हणाले की या साक्षीदाराच्या 'व्होरॅसिटी'बद्दलच शंका आहे.

तुम्ही म्हणालात, "व्हेरॅसिटी. व्होरॅसिटी म्हणजे खादाडपणा. तो आता या वयात राहिला नाही."

कोर्टात हशा झाला. वकीलही हसले. मग तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहेब, मी माणूस आहे, मी चुकू शकते. पण मी खोटं बोलत नाहीये."

निकालात तुमचं तेच वाक्य तुमच्यावर उलटलं. साक्षीदार खोटं बोलतायत असं म्हणता येत नाही, पण त्यांचं वय आणि नजर पाहता त्यांची चूक झालेली असू शकते, म्हणून संशयाचा फायदा आरोपीला. वकिलांनी आम्हाला मराठीत समजावून सांगितलं आणि पेढ्यांचा बॉक्स उघडला. सत्य आणि व्हेरॅसिटी यांच्यात तुम्ही आयुष्यभर जी रेघ ओढलीत, त्या रेघेवरूनच निनाद सुटला. मी आई आहे, वन्सं. मी पेढा खाल्ला. मला आनंद झाला होता. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

निनाद कॅनडाला गेला. जाताना तुमच्या पाया पडला, वर बघितलं नाही. तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवलात आणि पुटपुटलात, "गाडी जपून चालव."

त्यानंतर जे झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांची शंका यायला लागली. मोतीबिंदू काढून झाला होता, पेपर चष्म्याशिवाय वाचता येत होता, आणि तुम्ही मात्र त्या दुपारी काय दिसलं होतं ते पुन्हा पुन्हा तपासत होतात. हे फिरायला गेले की ओट्याशी येऊन उभ्या राहायचात. "मंजू, ती मोटारसायकल... तिच्याच बाजूने येत होती ना गं ती?" मी तिथे नव्हतेच. मी काय सांगणार? "ऊन फार होतं," तुम्ही म्हणायचात. "मी त्या पोराची वर्षं वाया घालवली का? चूक माझी असेल, तर मी काय करून बसले हे?"

मी म्हणायची, "जाऊ द्या आता, वन्सं." तुम्हाला हवं असलेलं उत्तर ते नव्हतं. पण माझ्याजवळ दुसरं नव्हतं. 'तुमचं बरोबर होतं' म्हणावं तर मुलगा खोटा. 'तुमचं चुकलं' म्हणावं तर तुम्ही संपून जाल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी चहा गाळत उभी. हळूहळू तुम्ही शब्दांविषयी बोलायचं सोडलंत. कुणी टीव्हीवर चुकीचं इंग्रजी बोललं तरी काही म्हणेनाशा झालात. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही डोळे मिटून होतात. हे रोज येऊन दाराशी उभे राहायचे. आत आले नाहीत. डॉक्टरांना विचारायचे, मला विचारायचे, तुम्हाला नाही.

निनाद दहाव्याला आला. इथल्या गंगेवरचे विधी झाल्यावर हे गुरुजींबरोबर मागे थांबले आणि आम्ही दोघं गाडीत बसलो. त्याने फोन बंद केला आणि मागच्या सीटवर टाकला. मी म्हटलं, "चालू ठेव रे, बाबांचा येईल." त्याने किल्ली फिरवली नाही. समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "आई, आत्याला बरोबर दिसलं होतं."

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय.

"मी मेसेज बघत होतो. ते त्यांच्याच बाजूला होते. आपली गाडी तिकडे गेली."

"तिला का नाही सांगितलंस? एवढी वर्षं होती."

"दर वेळी वाटायचं, पुढच्या फोनला सांगू." मग तो रडायला लागला, लहानपणी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण खरं सांगते वन्सं, त्या हातात तेव्हा माया नव्हती. मला तुमचा आवाज ऐकू येत होता, ओट्याशी उभ्या राहून विचारलेला.

तो जायच्या आधी मी त्याला एवढंच म्हटलं, "सायखेड्याला चल माझ्याबरोबर." तो म्हणाला, त्यांचा भरपाईचा दावा अजून चालू आहे, वकील म्हणाले होते एक शब्दही बोलायचा नाही. "मी तुला सांगितलंय आई, त्यांना नाही. प्लीज." मग तो विमानात बसला आणि मी इथे राहिले, त्याने सांगितलेलं पोटात घेऊन. जबाबाच्या आदल्या रात्रीपासून तुमच्या घशाखाली पाणी का गेलं नव्हतं, ते मला तेव्हा समजलं. अशी गोष्ट पोटात असली की दुसऱ्या कशालाच जागा उरत नाही.

गेल्या आठवड्यात मी एसटीने सायखेड्याला गेले. यांना सांगितलं, सायखेड्याला जातेय. "कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, "आल्यावर सांगते." विचारत विचारत मळ्यापर्यंत पोचले. सोमनाथ शेवंतीच्या वाफ्यात पाणी देत होता. मी कोण हे सांगितल्यावर त्याने मोटर बंद केली. अलका आतून आली, नकली पाय घालून, जरा लंगडत, पण भरभर.

मला वाटलं होतं तो ओरडेल. तो म्हणाला, "बसा. बाई गेल्या आसं कळलं. कोर्टात लय नीट बोलल्या त्या. पण काय उपेग? माझ्याच हातून झालं ते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळे म्हनत्यात. निकालातबी तेच निघालं ना? मी मधी आलो आसंन. मला तर काय आठवत नाय. हिचा पाय माझ्यामुळं गेला, एवढं खरं." तो हे इतक्या सहज बोलला, जणू रोज स्वतःशी म्हणत असावा.

मी तुमच्या शिकवणीप्रमाणे दुसऱ्याच्या तोंडचं आणि माझं वेगळं ठेवून बोलले. म्हटलं, "मी तिथे नव्हते. पण माझ्या मुलाने मला सांगितलं. तुम्ही तुमच्या बाजूला होता. तो फोनमध्ये बघत होता. तुम्ही मध्ये आला नाहीत."

सोमनाथने विचारलं, "मी मधी नव्हतो आलो?"

"नाही."

तो अलकाकडे वळला. "ऐकलं का? मी मधी नव्हतो आलो."

"मी कवापासून सांगतेय," ती म्हणाली. "पन माझं कोण ऐकतंय!" आणि पदराने तोंड झाकून ती आत गेली. तो तिथेच वाफ्याच्या कडेला खाली बसला, चिखलात. दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग डोकं न उचलता म्हणाला, "आमचा दावा अजून हाय. तिथं बोलावलं तर सांगाल हे?"

निनादचा चेहरा समोर आला. त्याची नोकरी, त्याचं नुकतंच ठरलेलं लग्न. मागे रस्ता होता, एसटी होती, उठून जाता आलं असतं. अलका चहाचे कप घेऊन दारात उभी होती, उत्तरासाठी थांबलेली.

"सांगेन," मी म्हटलं.

आता रोज पोस्टमनची सायकल वाजली की समन्स आलं का बघायला मी दाराशी जाते. निनादला मी फोनवर सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्याने फोन ठेवला. अजून परत केलेला नाही. तुम्ही हे सगळं एकटीने कसं सोसलंत हो? आणि तेही आमच्याच घरात, आमच्यातच राहून? तुम्ही त्या सकाळी बोललात ते योग्य केलंत का, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. माझ्यातली आई अजून भांडते तुमच्याशी. पण तुम्ही बोलला नसतात, तर सोमनाथपुढे सांगायला मला शब्द सापडले नसते, एवढं मात्र मला कळतं.

सायखेड्याहून आले तेव्हा संध्याकाळ होत होती. यांनी दार उघडलं. मी पाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि मग यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, गाडीतलं आणि मळ्यातलं. हे ओरडले नाहीत. उठले, तुमच्या खोलीत गेले आणि तुमच्या पलंगावर बसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. त्याआधीही कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. मी दाराशी उभी राहिले.

मग हे म्हणाले, "ताईला कळलं होतं का? जायच्या आधी? तिचं बरोबर होतं म्हणून?"

यांचे डोळे लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे लागले होते. एक 'हो' म्हटलं असतं तर त्यांना झोप लागली असती. तुमच्या शेवटच्या दिवसांत तुमच्याजवळ मीच तर होते. काय कळलं आणि काय नाही, हे जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. मी 'हो' म्हटलं असतं, तर कुणी कधी पडताळून पाहू शकलं नसतं.

मी यांच्या शेजारी जाऊन बसले, यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "नाही."